उचकीवरचा उतारा

तुम्ही विचारलं म्हणून सांगते, पण हसायचं न्हाई.
माझ्या लग्नात पहिलं मंगलाष्टक म्हटलं भटजींनी
आणि दुसरं आमच्या ह्यांच्या उचकीनं.

अंतरपाटापल्याड नुसतं हिक्, हिक्.
मी मान खाली घालून, हातात हार.
दिसत होते फकस्त दोन अंगठे, हळदीनं पिवळे,
दर उचकीला पाटावरनं उडणारे.

मामी म्हटली, गूळ द्या.
कोग्याचा गूळ, आमच्याच गुऱ्हाळाचा,
लिंबाएवढा खडा कोंबला तोंडात.
आता उचकीबी गोड यायला लागली, एवढाच फरक.

आत्या म्हटली, सात घोट पाणी, श्वास न घेता.
सगळा मांडव मोजायला लागला.
सहाव्याला अंतरपाट भिजला,
आणि भटजींचं पंचांगबी.

बँडवाल्या इलाहीनं कानापाशी पिपाणी फुंकली.
नवरदेव जागचा हलला न्हाई,
मांडवाबाहेरचा बैल तेवढा दावं तोडून पळाला.
मग त्येंच्या तालमीतल्या दोस्तानं पाठीत थाप मारली,
तर बाशिंग येऊन पडलं माझ्या पायापाशी.
हिक्.

शेवटी राधाक्का उठली, कंबरेवर हात ठेवून.
"अरं, कुणीतरी आठवण काढतंय पोराची.
नावं घ्या. बरोबर नाव आलं की थांबतीय."

झाली सुरू नावं.
सांगलीची मावशी. हिक्.
पलटणीतला चुलतभाऊ. हिक्.
सोसायटीचा सेक्रेटरी (हप्ता थकल्याला). लई जोरात हिक्.
कुणा मेल्यानं मागनं सोडलं, "शेवंता!"
मी हार असा धरला, की झेंडूच्या पाकळ्या गळल्या.
हिक्.
देवा जोतिबा, तुझं उपकार.

तेवढ्यात धाकटा दीर, आठ वर्साचा,
नाकातलं बोट काढून म्हटला,
"चंद्री?"

थांबली.

अशी थांबली, की तांदूळ पडल्याला ऐकू यावा.
माझ्या बाची मिशी थरथरली.
"कोण ही चंद्री?"

"म्हस हाय आमची. पहिलारू.
दादाबिगर कुणाला पान्हा सोडत न्हाई."

बायका काय सोडत्यात व्हय?
वरात वडणग्याच्या वेशीत पोचायच्या आत पद तयार:

*नवऱ्याला लागली उचकी, गूळ गेला वाया,*
*म्हशीनं काढली आठवण, नवरी बसली रुसाया!*

पद माझ्यापेक्षा जास्त फिरलं.
शिरोळात गेलं तवर म्हशी दोन झाल्या,
गडहिंग्लजात नवरा बेशुद्ध पडला,
आणि माझ्याच लेकीच्या हळदीत
एका परक्या बाईनं मला विचारलं,
"खरं घडल्यालं म्हणं हे, कुठल्या गावात ओ?"
मी म्हटलं, काय की बाई. तिकडं कराडकडं.

आता परवाची गोष्ट.
डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लेकीकडं ऱ्हायल्ये, इचलकरंजीला.
रातच्याला लागली उचकी.
साखर झाली, लिंबू झालं,
नातवानं मोबाईलात बघून मला डोकं खाली करून बसवलं.
मग नावं. सगळं गणगोत संपलं.

एकच नाव ऱ्हायल्यालं,
आणि ते आमच्यात सरळ घेत न्हाईत.
एकेचाळीस वर्सांनी, एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून,
मी उखाणा घेतला:

*गंगावेशीत धार काढली, चरवी भरली काठोकाठ,*
*केरबारावांनी एकट्यानं वाढून घेतलं का ताट?*

हिक्.

लेक म्हटली, "आई, राहू दे, आबा झोपलं असत्याल."
आणि फोन वाजला.

"अगं," हे म्हटले, "ही चंद्रीची पणती
दोन दिस झालं धार दीना. दाराकडं बघत ऱ्हातीय.
जरा बोल तिच्याशी. फोन लावतो कानाला."

मी बोलले.
काय बोलले ते तुम्हांला कशाला सांगू?
पलीकडं चरवीत पहिली धार वाजली, टण्ण,
आणि माझ्या ध्यानात आलं,
उचकी कवाच गेल्या.

मग म्हटलं, "आता तुमच्या कानाला लावा."